मुहूर्तापुरता सिनेमा

“घागरीकडे बघू नकोस हो सुभद्रा. घागर सगळ्याच पोरींच्या डोक्यावर आहे. डाव्या खांद्याकडे बघ. माझ्या चोळीला तिथे ठिगळ आहे. तेवढं नीट बघ, सोमवारच्या आत.”

अक्कांचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. अक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. राहायला धारला, वय ब्याऐंशी, आणि फोनवर अशा बोलतात की देवासला फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

अक्का पंधरा वर्षांच्या असताना मांडवगडावर एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. गावातल्या सात-आठ मुलींना घागरी देऊन बावडीच्या पायऱ्या उतरायला लावलं. त्यांत अक्का होत्या. पण आमच्या घरात त्यावर कुणाचा विश्वास नव्हता. अक्कांचे यजमान जन्मभर म्हणायचे, “हो, आणि मी त्यात घोडा होतो.” त्यात त्यांच्याच गल्लीतल्या यमुनाबाई म्हणतात की ठिगळाची चोळी त्यांची होती, अक्का त्या दिवशी तापाने घरी निजल्या होत्या. गेली सदुसष्ट वर्षं दोघी सकाळी एकत्र फुलं तोडतात आणि संध्याकाळी या खांद्यावरून भांडतात.

सोमवारी अक्कांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याच्या आधी हा निकाल लागला पाहिजे, असं त्यांनी मनात घेतलं, आणि काम माझ्यावर सोपवलं.

मी लगेच हो म्हटलं. माझ्या हातून कामात चूक होत नाही. कारण मुहूर्त बघितल्याशिवाय मी कुठलंही काम करत नाही. आमच्या मिक्सरचा मुहूर्त केला होता, तो एकोणीस वर्षं चालतोय.

आता माझ्याबद्दल दोन शब्द. मी नेमाची बाई आहे. तुळशीला रोज अकरा प्रदक्षिणा, गुरुवारी दिवेलागणीपर्यंत मौन. खोटं बोलायचं नाही, हा नेम बारा महिन्यांचा. त्यामुळे कॉलनीतल्या बायका मला हळदीकुंकवाला आवर्जून बोलावतात, पण नव्या साडीबद्दल मत विचारत नाहीत. आणि यंदाच्या चातुर्मासात मी सिनेमा सोडला होता. सोपा म्हणून सोडला, हे देवालाही माहीत आहे. गेल्या अकरा वर्षांत मी सिनेमा पाहिलाच नव्हता.

म्हणजे सिनेमा शोधायचा मी, लावायचा मी आणि बघायचा दुसऱ्यांनी. यात मला काही अडचण दिसली नाही. नैवेद्य करताना आपण चव कुठे बघतो?

आमचा टीव्ही साधा होता. त्यात सिनेमा येण्यासाठी वेगळी वस्तू लागते असं कळलं, म्हणून बुधवारी सकाळी आम्ही दोघं मोनू भियाच्या दुकानात गेलो. ह्यांचं नाव शिवाजीराव. एरवी मी घेत नाही, पण पुढे लागेल म्हणून एकदा घेऊन ठेवते. हे गिअरच्या कारखान्यात तेहतीस वर्षं तपासणी विभागात होते. वस्तू हातात आली की आधी तिच्यातली खोट शोधायची, ही सवय निवृत्तीनंतर वाढलीच आहे. मी त्यातूनच वाचलेली आहे.

मोनू भियाने काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या. एक डबा, एक काडी.

“काकी, ये डब्बा टीव्ही के सामने रखना पड़ेगा. और ये स्टिक पीछे लगा दो, बस. दिखेगी नहीं, पर सारा काम वोही करेगी.”

मला ती काडी एकदम आवडली. ओळखीची वाटली.

ह्यांनी आणखी एक काडी मागून घेतली, खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढला आणि दोन्ही काड्या मोजल्या. “ह्या दोघींत पाव मिलिमीटरचा फरक आहे.”

“भियाजी,” मोनू म्हणाला, “पिक्चर देखना है कि इंजन में बिठाना है?”

मी हळूच विचारलं, “भिया, ये अपने आप तो कुछ नहीं दिखाएगी ना?”

“क्या बोलीं काकी?”

मी पुन्हा विचारलं. त्याला पुन्हा ऐकू आलं नाही. माझं बोलणं एकंदरीत देव आणि दूधवाला, एवढ्या दोघांनाच ऐकू येतं. शेवटी ह्यांनी ओरडून सांगितलं तेव्हा मोनू हसला. “अपने आप कुछ नहीं होता काकी. रिमोट से बोलो, तब चलेगी. बोलने वाला रिमोट है.”

बोलून चालणारी वस्तू मी घ्यायची, म्हणजे बघा. पण काडीचा रंग काळ्या तुळशीसारखा होता, नाही म्हणवेना.

घरी येऊन रिमोटशी मी पाच मिनिटं बोलले. त्याने दाद दिली नाही. मग हे बोलले. कारखान्यात यंत्रांच्या वर जाणारा आवाज तो. शेजारच्या कृतिकाचं बाळ उठलं आणि रिमोटही उठला.

सिनेमा मिळण्याची चार ठिकाणं होती. पहिल्यावर तो परदेशात दिसत होता, भारतात नाही. मांडवगड धार जिल्ह्यात आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. दुसऱ्यावर नुसती गाणी होती. तिसऱ्याने महिन्याचे पैसे आधी मागितले आणि सिनेमा आहे की नाही ते नंतर सांगतो म्हणाला. ह्यांनी कारखान्यातला तपासणीचा छापील फॉर्म काढून तिघांपुढे ‘नापास’ लिहिलं. चौथ्यावर सिनेमा भाड्याने मिळत होता. सिनेमाचं नाव मी इथे सांगत नाही. तुम्ही लावाल, आणि माझ्यासारख्या अडकाल.

“भाड्याने म्हणजे मांडववाल्याच्या पातेल्यांसारखा?” मी विचारलं. “परत कुठे द्यायचा?”

“आपोआप जातो.” ह्यांनी चष्मा लावून नियम वाचले. “पैसे भरल्यापासून तीस दिवसांत सुरू करावा. सुरू केल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत बघून संपवावा.”

“आपण रविवारी धारला जायचं. रविवारी सुरू, रविवारी संपला.”

“अठ्ठेचाळीस तासांत सोळा वेळा बघून होईल,” हे म्हणाले आणि पैसे भरले.

दोन्ही नियम मी कान देऊन ऐकले होते, हे मुद्दाम सांगते. माझं ऐकण्यात काही चुकलं नाही. चुकलं ते पंचांग उघडण्यात. दुसऱ्याच दिवशी गुरुपुष्यामृत होतं.

असा योग समोर असताना नवी वस्तू रविवारी, अमुहूर्तावर सुरू करायची? आमच्यात लग्नाच्या आधी चांगला दिवस बघून जात्यात मूठभर हळद दळतात. तो मुहूर्त झाला. मग खरी दळणं, पापड, लग्न, सगळं पंधरा दिवसांनी. मुहूर्ताची हळद दळली म्हणून लग्न लागलं, असं कुणी म्हणतं का? तसंच हे. सुरू करणं वेगळं आणि मुहूर्त करणं वेगळं. हे मला कळतं, तर सिनेमावाल्यांना कळेल असं मी धरून चालले.

गुरुवारी सकाळी टीव्ही पुसला. त्याला झेंडूचा हार घातला. काडीला हळदकुंकवाचं बोट लावलं, रिमोटवर अक्षता वाहिल्या. माझं मौन होतं, म्हणून मंत्र मनात म्हटले. सात वाजून बेचाळीस मिनिटांनी ह्यांनी बटण दाबलं. मी भिंतीकडे तोंड केलं. वाद्यांचा एक सूर आला, ह्यांनी बंद केलं. पेढा ठेवला. झाला मुहूर्त. हे भाजी आणायला गेले.

तीन मिनिटांनी फोन वाजला. मोनू भिया.

“काकी, एक बात बताना भूल गया. जिस दिन देखना हो उसी दिन चालू करना. एक सेकंड भी चला दिया तो घड़ी चालू हो जाती है. अभी चलाया तो नहीं?”

मी बोलू शकत नव्हते. मी फोनवर बोटाने वाजवलं. मग वाटीने वाजवलं. मग घाबरून पूजेची घंटा वाजवली.

“अच्छा, आरती चल रही है? चलने दो काकी, चलने दो,” म्हणत त्याने भक्तिभावाने फोन ठेवला.

मी टीव्ही लावला. पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, शेष समय सैंतालीस घंटे छप्पन मिनट. मी बघत असतानाच छप्पनचे पंचावन्न झाले.

मौनाच्या दिवशी मी पाटी वापरते. हे भाजी घेऊन आले तेव्हा मी पाटी पुढे धरली : सिनेमा संपत चालला.

“सुरू कुठे झालाय?” हे म्हणाले.

मी लिहिलं : मुहूर्ताने झाला.

ह्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

“सर, आपने प्ले किया था?”

“किया था. पर देखने के लिए नहीं किया था.”

“तो किसलिए किया था, सर?”

“मुहूर्त के लिए.”

पलीकडे बराच वेळ वाद्यं वाजली. मग मुलगी परत आली. “सर, हमारे यहाँ ये ऑप्शन नहीं है.”

“हळद दळतात ना, मॅडम,” ह्यांनी समजावायला सुरुवात केली, पण ती मुलगी बहुधा उत्तरेकडची होती.

म्हणजे शनिवारी सकाळी सात बेचाळीसच्या आत अक्कांचा खांदा दिसायला हवा होता. पुन्हा भाडं भरता आलं असतं, पण ह्यांनी तपासणी विभागाच्या आवाजात सांगितलं, “आपल्या चुकीचा माल आपणच निस्तरायचा.” गुरुवारी निघता येईना, मौनात कंडक्टरला तिकीट कसं मागणार? शुक्रवार श्रावणातला पहिला, जिवतीची पूजा, पुरणाचा नैवेद्य, सवाष्ण जेवायला. ती जेवून उठली की लगेच निघायचं ठरलं.

दिवेलागणीला मौन सुटल्यावर मी धारला फोन केला. अक्कांची नात वेदिका कॉलेजात शिकते. तिचं शिक्षण हिंदीत झालंय, त्यामुळे तिचं मराठी मधूनच रुळावरून उतरतं.

“मामीआजी, आमच्या टीव्हीत तर वो छेदच नाही. पीछे से तो वो पेटी है पेटी. दादी उसपे पापड़ सुखाती है.”

“फोनवर लावू,” मी ह्यांना म्हटलं.

“फोनवर खांदा तांदळाएवढा दिसेल. ठिगळ काय दिसणार? आपला टीव्ही न्यायचा. तपासलेला सेट आहे, मशीन बदलायचं नाही.”

टीव्ही न्यायचा तर गुंडाळायला हवा. देवाच्या मांडवाचं लाल कापड होतं, ते गुंडाळलं. हार मात्र मी काढू दिला नाही. मुहूर्ताचा हार कार्य होईपर्यंत काढत नाहीत. तो कापडावरून घातला. कापडाला हळदकुंकवाची बोटं लागली होती, ती तशीच राहिली.

आता शुक्रवारी दुपारच्या बसमध्ये ही वस्तू छातीशी धरून, अनवाणी (कारण चप्पल चढताना सुटली), घाम गाळत एक वृद्ध गृहस्थ चढताहेत आणि मागे नऊवारीतली मी, हातात समई आणि वातींचा डबा. लोकांनी काय समजावं?

“माताजी के लिए सीट खाली करो रे,” कंडक्टर ओरडला. पुढची तिघंही उठली.

“टीव्ही है,” मी म्हणाले.

माझा आवाज तुम्हाला माहीत झालाच आहे. त्यावर बसचं इंजिन. कंडक्टरने हात जोडले.

“अहो, त्यांना सांगा ना,” मी ह्यांना म्हटलं.

“बसायला जागा मिळाली आहे,” हे म्हणाले. “तू सांग, तुझा नेम आहे.”

मी सांगितलं. इंदूरपर्यंत चौघांना, इंदूरला गाडी बदलल्यावर आणखी नऊ जणांना. प्रत्येकाला हात जोडून, स्पष्ट शब्दांत, “टीव्ही है,” असं सांगितलं. प्रत्येकाने हात जोडून “जय माता दी” म्हटलं. खरं बोलून कुणाला ऐकूच गेलं नाही तर नेम मोडतो की नाही, हे मी अजून गुरुजींना विचारलेलं नाही.

घाटाबिल्लोदला गाडी थांबली तेव्हा एका बाईने चुनरी चढवली. चहावाल्याने ह्यांना चहा फुकट दिला आणि टीव्हीसमोर एक कप ठेवला. धारला उतरेपर्यंत तीन नारळ, केळ्यांची एक फणी आणि सात माणसं आमच्याबरोबर झाली होती. “कहाँ स्थापना है?” त्यांनी विचारलं. “अक्का के यहाँ,” हे म्हणाले. ते खरंच होतं.

अक्का दारात उभ्याच होत्या. त्यांनी आवाजाच्या रोखाने मान वळवली. “शिवा, कुणाची मिरवणूक रे?”

“तुझीच,” हे म्हणाले.

अक्कांनी टीव्हीवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि ह्यांच्या पायांवर पाणी घातलं. यमुनाबाई समोरच्या ओट्यावरून सगळं बघत होत्या. त्यांची नजर घारीसारखी आहे. पलीकडच्या गल्लीतली गोगलगाय त्यांना दिसते.

आत पाटावर ठेवून हार उतरवला, चुनरी काढली, लाल कापड सोडलं. सातही माणसं गुडघ्यांवर वाकली होती. ती तशीच थांबली.

“ये तो टीव्ही है,” त्यांतले एक काका म्हणाले.

“मी देवासपासून तेच सांगतेय,” मी म्हणाले. तेही कुणाला ऐकू गेलं नाही.

पण माणसं भली. आलोच आहोत तर बघून जाऊ म्हणाली आणि बसली. अक्का पुढच्या खुर्चीवर, त्यांच्या शेजारी यमुनाबाई. मी कोपऱ्यात, टीव्हीकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून वाती वळायला घेतल्या. वेदिकाने आपल्या फोनचं इंटरनेट जोडलं.

“दादी, सीधा तुम्हारा सीन लगाते है. एक घंटा पचास मिनिट पे है.”

“खबरदार,” अक्का म्हणाल्या. “कथा मधून ऐकतात होय? पहिल्यापासून लाव.”

“दादी, ये सत्यनारायण नहीं है.”

“पैसे देऊन आणला आहे ना? मग पहिल्यापासून.”

पहिल्यापासून लावला. मला नुसतं ऐकू येत होतं. घोडे आले, कुणीतरी रडलं, लग्न मोडलं, गाणं झालं. एक तास दोन मिनिटं झाली आणि नायक “मैं वचन देता हूँ कि” एवढं बोलून गप्प झाला.

“डेटा खतम,” वेदिका म्हणाली. “अब रात को बारा बजे मिलेगा.”

आमचा फोन साधा, बटणांचा. सातही पाहुण्यांनी आपापले फोन काढले. सगळ्यांचा डेटा संपला होता. वाटेत प्रत्येकाने माताजींचा व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवला होता. केळी वाटून आम्ही मंडळींना निरोप दिला.

शनिवारी सकाळी मी साडेपाचपासून अक्कांच्या मागे होते. पण अक्कांची आंघोळ, अक्कांचं सोवळं, अक्कांची तुळस. मी स्वतः नेमाची बाई, दुसऱ्याच्या नेमाला लवकर आटपा कसं म्हणणार? त्या खुर्चीवर बसल्या तेव्हा सहा पन्नास झाले होते. ह्यांनी हिशेब केला. “अठ्ठेचाळीस मिनिटांनी, सात अडतीसला, अक्का पायऱ्या उतरेल. सात बेचाळीसला सिनेमा जाईल. चार मिनिटं हातात आहेत.”

यमुनाबाई आल्या, खुर्ची अक्कांच्या खुर्चीपेक्षा वीतभर पुढे सरकवून बसल्या. प्रवासात काडी जराशी ढिली झाली होती. सारखं चित्र जात होतं. म्हणून वेदिका टीव्हीच्या मागे शिरून ती दाबून बसली. फोनला फक्त खिडकीत रेंज येत होती, म्हणून हे एका हातात फोन बाहेर धरून आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळावर डोळे लावून उभे. मी कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड. माझ्यासमोर एक पाल होती. तीही टीव्हीकडे बघत होती.

नायकाने वचन पुरं केलं. लढाई झाली. घड्याळ पुढे चाललं.

“पाणी वाजतंय,” अक्का एकदम म्हणाल्या. “बावडी आली. आता पैंजण वाजतील. मी चौथी.”

पैंजण वाजले. माझे हात थांबले.

“सात अडतीस,” हे खिडकीतून म्हणाले.

“मामीआजी, स्टिक सुटतेय, सुटतेय,” वेदिका टीव्हीमागून म्हणाली.

मुली हसल्या, पाण्यात घागरी बुडाल्या. मग पुरुषांचे आवाज आले आणि नायक पुन्हा काहीतरी वचन द्यायला लागला. चार मिनिटांनी सगळं एकदम शांत झालं. ह्यांनी आत येऊन पडद्यावरचं वाचलं, “आपका किराये का समय समाप्त हुआ.”

“झालं,” अक्का खुशीत म्हणाल्या. “आता बोला. दिसलं ना ठिगळ?”

वेदिका बाहेर आली, केसांत जाळं घेऊन. “मैं तो पीछे थी दादी. तुमने देखा ना खुद को?”

“मला काय दिसतंय? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मला टीव्ही आणि कपाट सारखंच. म्हणून तर सोमवारी ऑपरेशन आहे.”

“अक्का,” हे चप्पल नसलेल्या पायांकडे बघत म्हणाले, “मग हे सगळं आणलं कशाला?”

“मी तिथे होते रे शिवा. मी कशाला बघू? तुम्ही बघायचं होतं. सुभद्राला फोनवर मी काय सांगितलं? बघ म्हटलं. मला दाखव म्हटलं का?”

नव्हतं म्हटलं. मी एकेक शब्द आठवून पाहिला. ‘डाव्या खांद्याकडे बघ. तेवढं नीट बघ.’

“शिवा घड्याळ बघत होता, पोरगी मागे होती. ते मला माहीत आहे,” अक्का म्हणाल्या. “पण तू इथेच होतीस. सुभद्रा, तू सांग. तू खोटं बोलत नाहीस हे यमुनाही मान्य करते.”

“करते,” यमुनाबाई म्हणाल्या.

सगळे माझ्याकडे वळले. खरं सांगते, त्या क्षणी तो नेम मला जड झाला.

“अक्का, माझा सिनेमाचा नेम आहे. मी भिंतीकडे बघत होते.”



“मी बघितलं की,” यमुनाबाई उठता उठता म्हणाल्या. “अगदी स्वच्छ दिसलं. चौथी मुलगी, डाव्या खांद्यावर ठिगळ. मीच ती. कशी नाजूक होते मी.”

शनिवार तसाच गेला. रविवारी अक्का फुलं तोडायला गेल्या नाहीत. सदुसष्ट वर्षांत पहिल्यांदा. हे म्हणाले, “पुन्हा भाडं भरतो, मी बघतो आणि सांगतो.” यमुनाबाई ओट्यावरून म्हणाल्या, सख्खा भाऊ साक्षीला चालत नाही. वेदिकाला म्हणाल्या, नात तर मुळीच नाही. जेवताना अक्कांनी भाताचा घास हातातच धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, “एका माणसाने खरं म्हणायला हवं होतं गं. एकाने.”

त्या हळू बोलल्या, म्हणून मला जास्त ऐकू आलं.

सोमवारी साडेसातला इस्पितळात बोलावलं होतं. अक्कांना हिरवा झगा घालून चाकाच्या खुर्चीत बसवलं.

“अक्का, घाबरू नका,” मी म्हणाले.

“मी कशाला घाबरू? माझं काम डॉक्टर करणार आहे. तुझं कोण करणार?”

मी त्यांचा हात धरला. “उद्या पट्टी काढतील. त्याच्या आत मी सांगते. जे दिसेल ते. यमुनाबाई असल्या तर यमुनाबाई सांगेन.”

“सांग की,” अक्का म्हणाल्या आणि दार बंद झालं.

मी बाकावर बसले. श्रावणी सोमवार, पोटात काही नाही. डोळे मिटून देवाला सांगितलं की चातुर्मासात सोडलेला सिनेमा मी परत घेते आहे आणि त्याच्या जागी चहा सोडते आहे. यात फसवणूक नाही, चहा मी खरोखरच पिते. तेवढ्यात हे दोन कप चहा घेऊन आले. मी माझा परत केला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही प्यायले.

वेदिकाने तिच्या फोनवर सिनेमा पुन्हा भाड्याने घेतला. डेटा तिने घरून जास्तीचा भरून आणला होता.

“मामीआजी, सीधा सीन लावू? दादी वीस मिनटात बाहेर येईल.”

“नको. पहिल्यापासून लाव.”

“पूरा?”

“त्यांच्या सिनेमाला कुणीतरी एकदा नीट बसायला हवं.”

भिंतीवरच्या घड्याळात सात पन्नास झाले होते. सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ असतो. राहुकाळात मी आजवर दुधाला विरजणसुद्धा लावलेलं नाही. हे घड्याळाकडे बघत होते, मग माझ्याकडे बघायला लागले, आणि तपासणी विभागातल्या माणसाने कधी करू नये ते त्यांनी केलं. घड्याळ मला दिसू नये म्हणून त्याच्यासमोर उभे राहिले.

ठिगळ यायला पावणेदहा वाजणार होते. मी पदराने चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ धरला आणि बटण दाबलं.